टीव्ही घ्यायच्या आधी भिंत मोजली

जुन्या ३२ इंची टीव्हीवर आधी एक उभी रेघ आली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि शेवटी अर्ध्या पडद्यावर नुसता जांभळा पट्टा उरला. नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरच्या मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं, दोन-तीन ठिकाणी बोट दाबून पाहिलं आणि लगेच स्क्रू परत लावायला घेतले. "ताई, पॅनल गेलं. नवं पॅनल टाका म्हणाल तर टाकतो, पण तेवढ्यात नवा टीव्ही येऊन जाते. कायले पैसे घालता?"

दुकानात गर्दी नव्हती. चहूकडे उघडे टीव्ही पडले होते. मी तिथेच स्टुलावर बसले आणि विचारलं, तुमच्याकडे हे सगळे येतात ते नेमकं काय बिघडून? त्याने जे सांगितलं ते मी एकाही जाहिरातीत वाचलेलं नव्हतं. सगळ्यात जास्त येतात ते बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्याला मागून उजेड देणाऱ्या, पट्ट्या गेलेले. आवाज येतो, चित्र अंधारात असतं. त्या पट्ट्या बदलता येतात. मग पॉवर सप्लायचे बोर्ड, ते बहुतेक पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडल्या की दुसऱ्या दिवशी. तेही बदलता येतात. पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच, मात्र गेलं की गेलं, कारण टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. आणि एक प्रकार खास आपल्या गावचा, कूलरसमोर ठेवलेले टीव्ही. ओला वारा आणि त्यातला खारट अंश मागच्या जाळीतून आत जातो, बोर्डावर पांढरा थर धरतो आणि मग कधी चालू, कधी बंद.

मी एका कॉलेजच्या अकाउंट्स विभागात काम करते. रकाने पाडल्याशिवाय मला काही सुचत नाही. घरी येऊन वहीत दोन रकाने पाडले. टीव्हीतलं काय काय नंतर बदलता किंवा वाढवता येतं, ते डावीकडे. आवाज डावीकडे गेला, कारण साउंडबार कधीही लावता येतो. 'स्मार्ट'पणाही डावीकडेच. टीव्ही मंद झाला तर तीन-पाच हजारांची स्टिक मागे खोचली की काम भागतं. उजवीकडे उरला आकार, पडदा आणि घरी येऊन दुरुस्त करणारी सर्व्हिस. पैसे उजवीकडे घालायचे असं मी जाहीर केलं. नवऱ्याने वहीत डोकावून पाहिलं. "टीव्ही घेऊन राहिली का ऑडिट करून राहिली?"

आकारावरून घरात चांगलीच जुंपली. मुलगा ६५च्या खाली यायला तयार नव्हता. सासूबाईंचं मत उलट. "एवढ्या मोठ्याले काय करू बाप्पा? डोळे दुखतीन माये." नवऱ्याला ४३ पुरे वाटत होता, कारण त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांकडे ४३ आहे. मी टेप काढला. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत साडेआठ फूट भरलं. यासाठी एक साधा हिशेब चालतो. टीव्हीचा इंचातला आकार गुणिले १.६, तेवढे इंच लांब बसलं की चित्र डोळ्यांत नीट भरतं. ४३ला पावणेसहा फूट येतात, ५५ला सव्वासात-साडेसात, ६५ला पावणेनऊच्या आसपास. म्हणजे साडेआठ फुटांवरून ४३ इंची पाहणं म्हणजे ४केचे, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांच्या पडद्याचे, पैसे भरून ४के न दिसणं. इतक्या लांबून डोळ्याला ते बारीक ठिपके वेगळे कळतच नाहीत.

इंच हे माप फसवं आहे, कारण ते तिरकं मोजतात. ४३वरून ५५वर गेलं की आकडा १२नेच वाढतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ ६० टक्क्यांहून जास्त वाढतं. हे बोलून कोणाला पटेना, म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर दोन चौकोन केले. ५५ इंची पडदा साधारण चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असतो. ६५ इंची पावणेपाच फूट रुंद आणि पावणेतीन फुटांच्या जरा आत. ६५चा कागद शोकेसच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला आणि मुलाचा आवाज आपोआप खाली आला. ५५चा कागद दोन दिवस तसाच राहू दिला. सासूबाईंनी त्यातलं अर्धं वर्तमानपत्र उभ्यानेच वाचून काढलं आणि "बसते बरोबर" म्हणाल्या.

शोकेसवर टीव्ही उभा करणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच करून ठेवते. टीव्हीच्या रुंदीपेक्षा त्याच्या पायांमधलं अंतर महत्त्वाचं. हल्ली पाय मधोमध नसतात, दोन टोकांना असतात. टीव्ही मावेल असं वाटणाऱ्या टेबलावरून एक पाय खाली लोंबायची वेळ येऊ शकते. हे अंतर कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

मग कुठली भिंत, हा खरा नागपुरी प्रश्न. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटला पश्चिमेकडे बाल्कनी आहे. मार्चपासून जूनपर्यंत त्याच खिडकीत कूलर असतो. बाल्कनीसमोरच्या भिंतीवर टीव्ही लावला तर दुपारी चारनंतर पडद्यात ऊन आणि स्वतःचे चेहरे दिसणार, शिवाय कूलरचा झोत थेट त्यावर. बाल्कनीच्याच भिंतीला लावायचा तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड. तिसरी भिंत बाजूची, उत्तरेकडची. तिथे फक्त एकच अडचण होती. सासूबाईंचा दिवाण त्या भिंतीच्या बाजूला आहे, त्यामुळे त्यांना टीव्ही बराच तिरका दिसणार. दिवाण हलवण्याचा विषय आमच्या घरात काढत नाहीत.

या दिवाणामुळेच पडद्याचा प्रकार ठरला. एलईडी टीव्हीत मुख्यतः दोन जातींची पॅनल असतात, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस बाजूने पाहिलं तरी रंग टिकून राहतात, पण अंधाऱ्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसतो. व्हीएचा काळा गडद असतो, कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-काळोखातला फरक, तिप्पट-चौपट, पण बाजूला सरकलं की चेहरे फिके पडतात. रात्री दिवे घालवून सिनेमे पाहणाऱ्यांनी आणि समोर बसणाऱ्यांनी व्हीए घ्यावं. आमच्याकडे ट्यूबलाइट चालू ठेवून मालिका पाहतात, चार माणसं चार दिशांना बसतात आणि मुख्य प्रेक्षक दिवाणावर. आम्हाला आयपीएस हवं होतं. ओएलईडीमध्ये हे दोन्ही गुण एकत्र मिळतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. पण ५५ इंचीची किंमत लाखाच्या घरात जाते. शिवाय एकच चॅनल रोज सहा-सात तास चालणार असेल तर कोपऱ्यातल्या लोगोचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती त्यात असतेच. ते पान मी उलटलं.

गंमत म्हणजे पॅनलची जात खोक्यावर छापत नाहीत. विक्रेत्यालाही ती बहुधा माहीत नसते. एकाच मालिकेतल्या ४३ आणि ५५मध्ये वेगळी पॅनल असू शकतात. कधी तर त्याच मॉडेलच्या दोन खेपांतही. त्यामुळे इंटरनेटवरचं परीक्षण वाचून पॅनल ठरवता येत नाही, दुकानात जाऊन बाजूला उभं राहूनच पाहावं लागतं. मी या लेखात कुठल्याही मॉडेलचं नाव का लिहीत नाही त्याचंही हेच कारण. तुम्ही वाचाल तेव्हा ते बदललेलं असेल.

खोक्यावर जे ठळक छापतात त्यातल्या निम्म्या गोष्टी आमच्यासाठी कुचकामी होत्या. क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीचा भाऊ नव्हे. तो साधा एलईडी टीव्हीच, फक्त मागच्या निळ्या प्रकाशाला क्वांटम डॉटच्या थरातून नेऊन लाल-हिरवा अधिक शुद्ध काढलेला. रंग खुलतात हे खरं, पण प्रकाश मागूनच येतो. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन, म्हणजे झगझगीत आणि काळोख्या भागांतला फरक जास्त राखणारी चित्रं, त्यांचं तसंच. त्या चित्रात सूर्य खरोखर झळकायला हवा, त्यासाठी पडद्याची उजळण्याची ताकद ६००-७०० निट्सच्या (निट हे झळाळीचं माप) पुढे लागते. स्वस्त टीव्ही २५०-३०० निट्सचे. ते डॉल्बी व्हिजनचा सिग्नल स्वीकारतात, कोपऱ्यात शिक्काही दाखवतात, झळाळी मात्र आणणार कुठून? मुलगा १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर, अडून होता. त्याला विचारलं, आपल्याकडे प्लेस्टेशन आहे का? नाही. आपल्याकडे क्रिकेट सेकंदाला ५०च्या हिशेबाने प्रसारित होतं, त्याला ६० हर्ट्झचा पडदा पुरतो. तो म्हणाला, प्लेस्टेशन नंतर घेता येईल. तेव्हा टीव्हीचंही पाहू, असं म्हणून विषय मिटवला.

सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला जायचं, मेन रोडवरची दुकानं पालथी घालायची, उरलेली सदरला, असा बेत होता. पितृपक्ष संपत आला होता आणि नवरात्राच्या ऑफर लागायच्या होत्या. ही वेळ मला सोयीची वाटली. दुकानात गर्दी कमी असते, विक्रेत्याला वेळ असतो. पाहायचं आधी, घ्यायचं नंतर.

दुकानात सगळे टीव्ही एकच नाटक करत असतात. मोर पिसारा फुलवतोय, मधाचा थेंब ओघळतोय, स्ट्रॉबेरी पाण्यात पडतेय. ही कंपनीनेच दिलेली ४के चित्रफीत असते आणि टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर, बॅकलाइट शंभरावर. असा टीव्ही घरात कोणी पाहत नाही. म्हणून मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्यात मुलाने तयार करून दिलेली सहा चित्रं होती, पूर्ण पांढरं, पूर्ण राखाडी, काळं, लाल, हिरवं, निळं. फुटाळा तलावावर रात्री मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ होता, नुसतं काळं पाणी आणि पलीकडचे दिवे. आणि भाचीच्या हळदीचा व्हिडिओ, कारण माणसाच्या चेहऱ्याचा रंग बिघडला की तो डोळ्याला आधी खटकतो.

पहिल्या दुकानात पेनड्राइव्ह पाहून विक्रेत्याचा चेहरा पडला. "मॅडम, ये सब चेक करने की जरूरतही नही, कंपनी का माल है, आँख बंद करके लेलो." डोळे मिटून टीव्ही कसा घ्यायचा, हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही पुढच्या दुकानात गेलो.

पुढच्या दुकानातला पोरगा शहाणा होता. त्याने सगळं लावू दिलं, रिमोट हातात दिला आणि स्वतःही कुतूहलाने बघत बसला. मोड 'स्टँडर्ड'वर आणल्याबरोबर मघाचे दोन चमकदार टीव्ही मलूल झाले. राखाडी चित्र लावलं तर एका महागड्या क्यूएलईडीच्या कोपऱ्यांत ढगाळ पट्टे दिसायला लागले. क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर कॅमेरा फिरतो तेव्हा हेच पट्टे हलल्यासारखे वाटतात. फुटाळ्याच्या व्हिडिओत एका टीव्हीवर पाणी काळं होतं, एकावर राखाडी धुकं. हळदीच्या व्हिडिओत तर गोंधळच, तीच पिवळी हळद एकीकडे केशरी, दुसरीकडे हिरवट. मग मी नवऱ्याला सोडून दुकानाच्या अगदी डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, आमच्या दिवाणाच्या हिशेबाने. तिथून फक्त दोन टीव्हींवर भाचीचा चेहरा भाचीसारखा दिसत होता. त्यातल्या एकावर कुठलंच भारी लेबल नव्हतं.

आणखी एक करून पाहण्यासारखं आहे. बंद पडद्यावर मोबाइलचा टॉर्च मारायचा. टॉर्चचा ठिपका लख्ख, कडा स्पष्ट दिसत असेल तर तुमच्या खिडकीतलं ऊनही तसंच दिसणार. ठिपका पसरट, मऊ झाला तर काच चकाकी कमी करणारी आहे. ज्यांच्या हॉलमध्ये मोठी खिडकी आहे त्यांनी अशी काच दोन हजार रुपये जास्त मोजूनही घ्यावी, असं माझं मत.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा मात्र पेनड्राइव्हची नव्हती. मी पोराला म्हटलं, सेटटॉप बॉक्स लाव आणि साधं एसडी चॅनल दाखव, एचडी नाही. त्याला आश्चर्य वाटलं. पण आमच्या घरात टीव्ही दिवसातले सगळ्यात जास्त तास तेच दाखवतो. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. गुणाकार करून पाहा, बरोबर २० पट येतं. म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याचे टीव्हीने स्वतःच्या अकलेने २० ठिपके करायचे. ही अक्कल प्रत्येक टीव्हीत वेगळी. एका स्वस्त ब्रँडवर मालिकेतल्या सूनबाईंच्या चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं दिसत होतं आणि खालच्या पट्टीतली अक्षरं फाटली होती. आमच्या दोन टीव्हींपैकी एकाने ते बऱ्यापैकी सांभाळलं. तरीही ५५ इंचीवर एसडी हे एसडीच, त्यामुळे मराठी चॅनलांचे एचडी प्रकार पॅकमध्ये घ्यायचे हे तिथेच ठरलं. महिन्याचे थोडे पैसे जास्त जातात, पण पडद्यावर चाळीस हजार घालून इथे हात आखडण्यात अर्थ नाही. ओटीटीचंही तेच. नेटफ्लिक्सचं ४के फक्त प्रीमियम प्लॅनवर मिळतं, त्याखालच्या स्टँडर्डवर १०८०, म्हणजे फुल एचडी. आम्ही स्टँडर्डच ठेवला आहे, १०८०ला हा टीव्ही छान वाढवून दाखवतो.

रिमोटबद्दल सासूबाईंचा एकच निरोप होता. "मले तं बटनं मोठे पाह्यजे, अन् लावला का टीव्ही लागला पाह्यजे. ते तुमचं घर-घर दिसते ते नको." घर-घर म्हणजे होम स्क्रीन, जिच्यावर वीस सिनेमांच्या जाहिराती असतात. टीव्ही चालवणारी आतली प्रणाली सॅमसंगमध्ये टायझन, एलजीमध्ये वेबओएस, सोनी-टीसीएल वगैरेंत गूगल टीव्ही, पण चालू केलं की बहुतेक सगळे आधी आपापला बाजार मांडतात. दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. चालू झाल्यावर थेट एचडीएमआयवर, म्हणजे सेटटॉप बॉक्स जोडलेल्या पोर्टवर, जाण्याची सोय काहींत असते, काहींत नसते. दुसरी गोष्ट म्हणजे एचडीएमआय-सीईसी. हे नाव प्रत्येक कंपनी वेगळं देते, सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिमप्लिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. हे चालू असेल आणि सेटटॉप बॉक्सही त्याला साथ देत असेल तर एकाच्या रिमोटने दोन्ही चालू-बंद होतात. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर ही एक सोय क्वांटम डॉटपेक्षा जास्त मोलाची आहे.

वेगही पाहिला. यूट्यूब उघडायचं, होमवर यायचं, दुसरं ॲप उघडायचं, परत यूट्यूब. १ जीबी रॅमचे टीव्ही नव्या कोऱ्या अवस्थेतच अडखळत होते. २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज ही मी खालची रेघ धरली. त्यापुढे यासाठी एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, कारण हा माझ्या डाव्या रकान्यातला मामला.

सर्व्हिसची चौकशी मेकॅनिककडेच केली. कुठल्या कंपनीचे पार्ट इथे मिळतात आणि कुणाचे येईपर्यंत महिना जातो, हे त्याला तोंडपाठ. त्याने दोन नावांवर काट मारली, ती मी इथे लिहिणार नाही. तुमच्या भागातल्या मेकॅनिकला विचारा, त्याची यादी तुमच्यासाठी जास्त खरी असेल.

आता पैशांचं. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्याच दिवशी, ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ आणि त्याखालच्यांना आधीपासून १८च होता, त्यांच्यात काही फरक नाही. "दस टक्का कम" असं सगळीकडे ओरडत होते, पण गिऱ्हाइकाच्या हाती दहा टक्के येत नाहीत. कर धरून ४०,००० किंमत असेल तर मूळ किंमत ३१,२५०. त्यावर १८ टक्के लावले की ३६,८७५ होतात. सुटले ३,१२५, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. मी हा आकडा चिठ्ठीवर लिहून नेला होता. पितृपक्षात विचारलेला भाव आणि नवरात्रातला भाव शेजारी ठेवले. एका दुकानात कर उतरला होता तेवढ्याच मापाने 'जुनी ऑफर' संपली होती, भाव जिथल्या तिथे. शहाण्या पोराच्या दुकानात मात्र तो खरंच खाली आला होता.

नो-कॉस्ट ईएमआयला, म्हणजे 'बिनव्याजी' हप्त्यांना, नवरा भुलला होता. त्यात बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करतं. क्रेडिट कार्डवर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र आपण भरतो, आणि वर प्रोसेसिंग फी. समजा व्याज १,९०० असेल तर ३४२ रुपये कराचे, दोन-तीनशे फीचे. रक्कम मोठी नाही, पण 'नो-कॉस्ट' म्हणण्याइतकी छोटीही नाही. त्यात एकरकमी देणाऱ्याला जी सूट मिळते ती बुडते. आम्ही एकरकमीच दिले. ऑनलाइन भाव त्याच दिवशी जेमतेम आठशेने कमी होता. तेवढ्यासाठी, काही निघालं तर ज्याच्यासमोर जाऊन उभं राहता येईल असा माणूस सोडावासा वाटला नाही. मोबाइलवरचा भाव पोराला दाखवला, त्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने मान हलवली आणि वाढीव वॉरंटी अर्ध्या दरात दिली. वाढीव वॉरंटीच्या अटी मी तिथेच वाचल्या. पॅनल त्यात येतं की नाही, एवढंच पाहायचं असतं. पॅनल वगळलेली वॉरंटी फुकट मिळाली तरच घ्यावी. पडद्यावर काही आपटून तडा गेला तर मात्र कुठलीच साधी वॉरंटी कामाला येत नाही.

विजेचाही हिशेब केला होता, नाहीतर अकाउंट्सवाली कसली. ५५ इंची १२० वॅटचा धरला आणि रोज ५ तास, तर महिन्याला १८ युनिट. ४३ इंची ८० वॅटचा धरला तर १२. फरक ६ युनिटचा, बारा रुपयांनी धरलं तरी ७२ रुपये. आकार लहान घेण्याचं हे कारण होऊ शकत नाही. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, दोन मॉडेल शेजारी ठेवून तेवढे पाहिले की झालं.

खोकं आलं ते कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडलं नाही. खोक्यावरचा सीरियल नंबर बिलाशी ताडला, उघडताना मुलाने व्हिडिओ काढला, आणि पहिल्यांदा चालू झाल्यावर चॅनल लावण्याआधी पेनड्राइव्ह. लाल, हिरवं, निळं, पांढरं, सगळीकडे एकसारखं. एकही मेलेला ठिपका नाही. नंतर असा एखादा ठिपका सापडला तर कित्येक कंपन्यांच्या अटींप्रमाणे तेवढ्यावर पॅनल बदलून मिळत नाही, म्हणून पहिल्याच तासात पाहायचं. तो माणूस घाईत होता, पण चहा आला आणि बसला.

मग मोड 'स्टँडर्ड', रंग 'वॉर्म'कडे एक पायरी, आणि बॅकलाइट शंभरावरून साठावर. मेकॅनिकचा हा खास सल्ला. "शंभरावर ठेवसान तं पट्ट्या लवकर जातीन. साठावर डोळ्यालेबी बरं अन् टीव्हीलेबी." पहिल्या दिवशी चित्र अंधारं वाटलं, मग सवय झाली. हलत्या चित्रात मधल्या फ्रेम बनवून घालणारी सोय सिनेमासाठी बंद केली, क्रिकेटला नवरा ती चालू करतो आणि बंद करायला विसरतो.

मॅन्युअलमध्ये वापराच्या तापमानाची मर्यादा ४० अंश लिहिली आहे. हे वाचून आम्ही सगळे हसलो. मे महिन्यात बाहेर ४५च्या वर असताना कूलर बंद पडला तर आमचा हॉलच ती मर्यादा ओलांडेल. त्यामुळे टीव्हीच्या मागे चार बोटं जागा सोडली आहे, वरच्या जाळीवर कुणी कापड टाकायचं नाही असा नियम केला आहे. सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण त्यामुळे फ्रीजवर गेलं. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचाच, आणि डिशची वायरही, कारण दणका त्या वायरीतूनही येतो. स्पाइक गार्ड लावला आहे. वेगळा स्टॅबिलायझर घेतला नाही, या टीव्हीचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो असं मागच्या पट्टीवरच छापलेलं आहे.

आवाज मात्र यथातथाच. स्पीकर २० वॅटचे, पण खाली तोंड करून बसवलेले. कूलर चालू झाला की संवाद ऐकू येणार नाहीत हे मला आत्ताच दिसतंय. डावा रकाना. मुलाने साउंडबारची यादी काढून ठेवली आहे आणि एआरसीवालं, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारं, एचडीएमआय पोर्ट कुणी अडवू नये म्हणून त्याला चिकटपट्टी लावली आहे. मी त्याला सांगितलं, खिडकीत कूलर लागल्याशिवाय खरेदी नाही. तो पूर्ण फिरत असताना पलीकडच्या खोलीत बोललेलं काय ऐकू येतं, ते आधी पाहायचं, मग वॅट ठरवायचे. म्हणजे आता मार्चमध्येच.